त्रेपन्नच्या पुढे

सोमवार, १ सप्टेंबर

आराखड्याचं काम आजपासून माझ्याकडे. गरीब वस्त्यांसाठी पाच वर्षांची आरोग्य योजना. अकरा दवाखाने, सहा वर्षांची रोजची रुग्णसंख्या. साहेब म्हणाले, "मला रडगाणी नकोत, आकडे हवेत. म्हणून तुम्ही." नियोजन कक्षात दोन वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच कुणी मला कशासाठी घेतलं आहे ते सरळ सांगितलं.

दहा दवाखान्यांचे आलेख दातेरी आहेत. सोमवारी वर, शनिवारी खाली, साथ आली की उसळी. सातव्याचा मात्र स्वच्छ. सुरुवातीला दोन वर्षं रोज ऐंशी, अगदी सपाट. मग हळूहळू उतार. गेले आठ महिने रोज त्रेपन्न. साथीच्या आठवड्यातही त्रेपन्न. इतकी स्वच्छ रेषा मी परीक्षेच्या पेपरातही पाहिली नव्हती. उतार सुरू होतो त्याच महिन्यात मोठ्या रुग्णालयाकडे जाणारा नवा रस्ता झाला. लोक तिकडे वळले, मागणी घटली आणि स्थिरावली. एप्रिलमधल्या टिप्पणीत मी हेच लिहिलं होतं. तीच टिप्पणी आता पान १४ होईल.

सातवा दवाखाना मावशीच्या वस्तीतला. कक्षात हे कुणाला माहीत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही. आकड्यांना नातेवाईक नसतात.

रविवार, ७ सप्टेंबर

मावशीकडे गेले. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतरची माझी सगळी वर्षं मावशीच्या शिलाई मशीनच्या आवाजात गेली. ती अजून शाळांचे गणवेश शिवते. मशीनचा मागचा पाय पूर्वी डगडगायचा. आता त्याखाली ॲल्युमिनियमची एक गोल चकती सरकवलेली आहे, तिच्यावर ठोकलेला आकडा ७१.

"ही कुठली गं?"

"पडली होती घरात. तू काय झडतीला आलीस का जेवायला?"

मशीनचा ठोका मला तोंडपाठ आहे. आज तो वेगळा वाटला. पाहिलं तर ती फक्त डाव्या पायानं चालवत होती. उजव्या पायात घरातसुद्धा मोठी, सैल चप्पल. "वय झालं, पाय तरी किती नाचवायचे," म्हणाली. फळीवर तिच्या शुगरच्या गोळ्यांचं पाकीट होतं. चार शिल्लक.

"दवाखान्यात जातेस ना?"

"जाते की."

निघताना विचारलं, "ऑफिसात काय चाललंय?" मी म्हटलं, "कागद." ती म्हणाली, "कागद का असेना, अक्षर चांगलं ठेव."

बुधवार, १० सप्टेंबर

बैठक. अडीच तास.

बाहेरून एक सल्लागार नेमले आहेत. शिपाई त्यांना टायवाले म्हणतो, आता आम्ही सगळेच म्हणतो. त्यांनी पडद्यावर एक वर्तुळ दाखवलं, त्यात दुसरं, त्यात तिसरं, आणि मधोमध "लाभार्थी". मला म्हणाले, "डेटा ताजा आहे ना?" जणू मी पालेभाजी घेऊन आले होते.

मुखपृष्ठावर हसणारं मूल घ्यायचं की हसणारी आई, यावर चाळीस मिनिटं गेली. पान १४ वर सहा. त्या सहा मिनिटांत ठरलं ते असं: सातवा दवाखाना सव्वाचार किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करायचा. "बंद" हा शब्द वापरायचा नाही, "एकत्रीकरण" म्हणायचं. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. पद्धत कोणती, गृहीतकं कोणती, काही नाही. साहेब म्हणाले, "रेषाच बोलतेय." सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझा संताप झाला. निष्कर्षाचा नाही, निष्कर्ष बरोबर आहे. पण सहा वर्षांच्या नोंदी मी दिवसनदिवस तपासल्या आणि या लोकांना त्या तपासाव्याशाही वाटल्या नाहीत. नंदीबैलांना दाखवायला एवढा नेटका आलेख कशाला काढायचा?

सोमवार, १५ सप्टेंबर

आराखड्यात "प्रत्यक्ष भेट" असा एक रकाना आहे. साहेब म्हणाले, "जाऊन आले असं लिहा." न जाता लिहिणं मला जमत नाही, म्हणून दुपारी गेले.

दीड वाजता पोचले. अंगण रिकामं. दोन बाकं, एक मांजर. डॉक्टरांच्या खोलीला कुलूप. आत एक सिस्टर ड्रेसिंगचे डबे पुसत होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. ओळखपत्र दाखवलं.

"नियोजन कक्ष? म्हणजे तुम्ही माणसं असता तर खरी. मला वाटायचं नुसते शेरेच येतात तिथून."

मी विचारलं, रुग्ण इतके कमी का?

त्यांनी डबा खाली ठेवला. "दीड वाजता शाळेत गेलात तर तिथं मुलंही जास्त दिसतात होय? सकाळी सातला या."

"दवाखाना नऊला उघडतो."

"म्हणूनच म्हणते, सातला या. मॅडम, उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी वेळेवर आणा."

अशा लोकांशी वाद घालून उपयोग नसतो. भेटीच्या रकान्यात लिहिलं: दुपारी १.३० वाजता रुग्ण शून्य. निरीक्षण आलेखाशी सुसंगत.

पण "शेरेच येतात" हे डोक्यात राहिलं आहे. कसले शेरे?

रविवार, २१ सप्टेंबर

मावशीकडे. बातमी वस्तीत पोचली आहे.

"तो दवाखाना बंद होणार म्हणे?"

"बंद नाही. एकत्रीकरण."

"म्हणजे?"

"मोठ्या रुग्णालयात जायचं. तिथं सगळ्या सोयी आहेत."

"कशानं जायचं?"

"बसनं."

"बस कोपऱ्यापर्यंत येते. कोपऱ्यापर्यंत कशानं जायचं?" आणि हसली. "जाऊ दे. तुमचं काहीतरी मोजून-मापूनच चाललं असेल."

"तुला कसं कळलं की हे आमच्या ऑफिसात चाललंय?"

"तुझ्या तोंडावरून. लहानपणी बरणी फोडायचीस तेव्हा अशीच सरळ बसायचीस."

उजव्या पायाला फडकं गुंडाळलं होतं. टाचेला भेग पडली म्हणाली. खोलीत औषधी मलमाचा उग्र वास होता, खिडकी उघडायला सांगितली तर आधीच उघडी होती. गोळ्या चारच. नवीन पाकीट आत ठेवलं असेल.

बुधवार, २४ सप्टेंबर

आराखडा उद्या छापायला जायचा. समितीसाठी लागणाऱ्या, आकडे तपासल्याच्या प्रमाणपत्रावर माझी सही व्हायची आहे. साहेबांनी दोनदा विचारलं. म्हटलं, शुक्रवारी करते. आधी एकदा सकाळी सातला जाते. त्या बाईंचं म्हणणं खोडून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

क्रमाने लिहिते.

६.५०: अंगणात माणसं. भिंतीच्या सावलीत, बाकांवर, जमिनीवर. मी मोजली. चौसष्ट. त्यांतले काही पाचपासून बसलेले.

८.३०: चौऱ्याऐंशी.

८.४०: सिस्टर एक पत्र्याचा डबा घेऊन दारात आल्या. "बिल्ले घ्या, ढकलाढकली नको, मला आणि तुम्हाला दोघांनाही आयुष्य काढायचंय इथं." एकेकाला एक बिल्ला, नोंदवहीत नाव. एक, दोन, तीन. त्रेपन्नला डबा रिकामा झाला. त्यांनी तो उलटा करून दाखवला, रोज दाखवत असाव्यात तसा.

मागे एकतीस माणसं उरली. कुणी भांडलं नाही. एक म्हातारे म्हणाले, "उद्या चारला येतो." एका बाईच्या कडेवर तापानं फणफणलेलं मूल होतं. तिच्यासाठी पुढच्या माणसानं आपला बिल्ला दिला आणि तो निघून गेला. नोंदवहीत त्या एकतिसांची नावं नाहीत. तसा रकानाच नाही.

मी हात पुढे केला. "एक बिल्ला दाखवा."

ॲल्युमिनियमची गोल चकती. ठोकलेला आकडा. तो होता १२.

मी ताबडतोब विचारलं, "मुळात किती होते?"

"ऐंशी."

"बाकीचे?"

"लोकांच्या घरी." सिस्टर वहीत नावं लिहीतच होत्या. "पूर्वी डॉक्टर दिवसभर असायचे. ऐंशीच्या ऐंशी तपासून व्हायचे. मग त्यांना दुपारचा दुसरा दवाखाना दिला. एकला उठावंच लागतं. एकपर्यंत त्रेपन्न होतात, फार तर. पुढचे नंबर हातात बिल्ला घेऊन बसून राहायचे. मी सांगायचे, उद्या या. लोक बिल्ला घेऊन जायचे, उद्या पहिला नंबर लागेल या आशेनं. दुसऱ्या दिवशी मी कसा लावणार? समोर नवी रांग. मग कोण परत देतं? रागानं नेलेली वस्तू रागानंच ठेवतात."

नऊ ते एक. दोनशे चाळीस मिनिटं. त्रेपन्ननं भागलं. साडेचार मिनिटं माणशी. मी डॉक्टरांच्या दाराशी घड्याळ लावून बसले. साडेचार मिनिटं.

म्हणजे ऐंशी ही मागणी नव्हती, ती बिल्ल्यांची संख्या होती. उतार ही घटती गरज नव्हती. उताराची प्रत्येक पायरी म्हणजे न तपासता घरी गेलेला एक माणूस आणि त्याच्या मुठीत एक बिल्ला. आणि त्रेपन्नला रेषा सपाट होते, कारण त्याखालचा बिल्ला घरी न्यायची कुणावर वेळच येत नाही. रस्त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांना दुसरा दवाखाना कधी दिला ते विचारलं. तोच महिना.

दातेरी नसलेली रेषा पाहून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शंका यायला हवी. माणसं कधी इतकी सरळ आजारी पडत नाहीत. आणि मी तिला स्वच्छ म्हणाले.

"नवे बिल्ले मागितले नाहीत?"

त्यांनी कपाटातून फाईल काढली. मागणीपत्रं चार. चौथ्यात दोन मागण्या: बिल्ले, आणि डॉक्टरांची दुपार. त्यावर मे महिन्याचा शेरा: "नियोजन कक्षाच्या टिप्पणीनुसार रुग्णसंख्या घटती असल्याने आवश्यकता दिसून येत नाही." सोबत टिप्पणीची प्रत. खाली माझी आद्याक्षरं. बारीक, सुवाच्य.

सिस्टर म्हणाल्या, "ही कोण बाई आहे हो तुमच्यात? ओळखता?"

"ओळखते," मी म्हटलं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मोठ्या रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहिते आहे. मावशी आत आहे.

काल तिथून सरळ तिच्याकडे गेले. मशीन उचललं, चकती काढली.

"हिच्यासाठी किती वेळ बसली होतीस?"

"कोणत्या वेळी? एकदा का गेले मी!"

"जाते म्हणाली होतीस."

"जाते म्हणालेच होते. तपासून येते असं कुठं म्हणाले? हा पहिल्या वेळचा. दोन वर्षं झाली असतील. नंतर कधी नंबर लागला, कधी नाही. या वर्षी नाहीच लागला. पाचला जायचं तर पाय उचलत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुणाला तरी सांगितलं असतंस. मग लोक म्हणाले असते, ही आपल्या माणसांची सोय बघते. तुझी नोकरी नवी."

मी फडकं सोडलं. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. तिला ते दुखत नव्हतं. ती म्हणाली, "दुखत नाही ते बरंच नाही का?"

नाही. दुखत नाही हेच वाईट. एवढं वैद्यकीय ज्ञान माझ्या आराखड्याच्या पान ६ वर आहे, चौकटीत.

बोट काढावं लागेल. डॉक्टर म्हणाले, अजून महिना गेला असता तर पाऊल.

मी दोन्ही रविवारी चार गोळ्या मोजल्या होत्या. मोजल्या आणि लिहून ठेवल्या.

मंगळवार, ३० सप्टेंबर

रजा टाकली आहे. प्रमाणपत्रावर सही केलेली नाही.

मावशीचं बोट शनिवारी काढलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न: "उरलेल्या नऊंवर चप्पल बसेल ना?" मग म्हणाली, "बिल्ले हवेत तुला? अर्ध्या वस्तीत सापडतील. माझं नाव सांग."

दोन दिवस घरोघर फिरले. ५८ कढईच्या झाकणाला मूठ म्हणून ठोकलेला. ६४ किल्ल्यांच्या जुडग्यात. ७७ नं एक बाई पोळपाटाचं पीठ खरवडते. ती म्हणाली, "हा घेऊन नवरा दवाखान्यात बसला होता. आता नवरा नाही, हा आहे." मी तो मागितला नाही. तिनं आपण होऊन धुऊन, पुसून हातात दिला. म्हणाली, "नीट वापरा."

सत्तावीसपैकी एकोणीस मिळाले.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

बैठक. मी एकोणीस बिल्ले टेबलावर मांडले आणि उभी राहिले. म्हटलं, "पान १४ चुकीचं आहे. ते मी केलं. ही मागणीची रेषा नाही, डॉक्टरांच्या चार तासांची आहे." साडेचार मिनिटांचा हिशेब सांगितला.

टायवाल्यांनी एक बिल्ला उचलून उजेडात धरला. "व्वा! फारच बोलकं आहे हे. आपण मोबाईलवर टोकन देऊ. बिल्ला हरवायचा प्रश्नच नाही."

"बिल्ला हरवत नाही. डॉक्टर उठून जातात."

"तेच. प्रक्रियेतली गळती."

साहेब म्हणाले, "ही मानवी कथा चांगली आहे. एक चौकट करा. फोटोसह."

मी म्हटलं, "त्या चौकटीत माझ्या मावशीचं बोट टाकू का? फोटोसह?"

दोन वर्षांत मी त्या खोलीत आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही. पण शिपाई चहा घेऊन आला होता तो दारातच थांबला.

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही भावनेच्या भरात आहात. आराखडा छापायला गेलाय. तुमच्या एका सहीवाचून काही अडत नाही."

"मग सहीशिवाय पाठवा. कारण मी लेखी देते."

अडलं. प्रमाणपत्राशिवाय समिती आराखडा घेत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. अर्धा तास कुजबुज झाली. शेवटी ठरलं: सातव्या दवाखान्याचं एकत्रीकरण तीन महिने पुढे. ऐंशी बिल्ले पूर्ववत. डॉक्टरांची दुपार नाही. "तीन महिन्यांत रुग्णसंख्या वाढलेली दाखवा, नाहीतर पान १४ कायम."

चार तासांत त्रेपन्नच होणार. ते वाढणार नाहीत हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला आता कळलं होतं. हात बांधून पोहायला सांगतात आणि वर काठावर घड्याळ लावून उभे राहतात.

मी त्या लेखी अटीवर सही केली. "तपासलेले" नव्हे, "रुग्णसंख्या" असा शब्द आहे. तो मी नीट वाचून घेतला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सातला पोचले. मावशीचा धरून वीस बिल्ले डब्यात टाकले. उरलेले सात सिस्टरांनी पुठ्ठ्याचे कापले होते, त्यांना दोरा ओवला होता. "आमचं एकत्रीकरण," म्हणाल्या.

बिल्ले परत आलेत ही बातमी पसरली असावी. एक्क्याण्णव माणसं आली. ऐंशी बिल्ले गेले, अकरा बिनबिल्ल्याचे. मी नोंदवहीत पट्टीनं एक उभी रेघ मारली आणि वर रकान्याचं नाव लिहिलं: न तपासता परत.

त्रेपन्नावा रुग्ण बाहेर आला तेव्हा एकला दोन मिनिटं होती. डॉक्टर बॅग घेऊन दारात आले. अंगणात अडतीस माणसं. माझ्यासमोर वही.

"हे माझ्या नावावर जाणार?"

"नाही. आमच्या कक्षाच्या."

त्यांनी रकाना वाचला. थकलेला माणूस आहे, कपाळावर पेनाची शाई. म्हणाले, "दुपारी तिकडेही एक वही ठेवा. तिथं मी पाचला उठतो तेव्हाही लोक बसलेले असतात." आणि गेले. त्यांना जावंच लागतं.

लोक उठायला लागले. काहींच्या मुठी मिटलेल्या. मी म्हटलं, "बिल्ले डब्यात टाका आणि नाव सांगा. आजार सांगा. कितीला आलात ते सांगा." आधी कुणी पुढे येईना. नाव सांगितल्यानं काही मिळतं हा अनुभव नाही त्यांचा.

मग मावशी आली, काठी टेकत. सिस्टरांनी तिचं ड्रेसिंग केलं होतं, पण गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांनीच द्यायची असते. उशिरा पोचली म्हणून नंबर ७१. तोच बिल्ला. मी तिला रांगेत पुढे घेतलं नव्हतं आणि तिनं तसं विचारलंही नव्हतं. ही चिठ्ठी मी दुसरीकडून मिळवून देणार आहे. बाकी सदतीस जणांना ती कोण देणार, ते मला माहीत नाही.

तिनं ७१ डब्यात टाकला. टण्ण वाजला.

"नाव?" मी विचारलं.

"विसरलीस?" मागे कुणीतरी हसलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं. "मधुमेह. एक बोट गेलंय. साडेसातला आले, न तपासता परत चाललेय." मग वहीवर वाकून म्हणाली, "अक्षर नीट काढ. साहेब लोकांना वाचता आलं पाहिजे."

तिच्यामागे रांग लागली. अडतीस नावं. आजची रुग्णसंख्या एक्क्याण्णव.

सगळी सुवाच्य आहेत.